सूर्यास्ताची सहल आणि समुद्राची तिथी



भोकर हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. तेथून हरिहरेश्वरचा समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे ५०० किलोमीटर दूर पडतो. हा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि त्या संस्थानास समुद्रकिनारा नव्हता. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, आणि कोकणचा किनारा भोकरकरांच्याही राज्याचा झाला. पाण्याचा ओढा मात्र पूर्वीप्रमाणेच उलट दिशेस राहिला. मराठवाड्याच्या ह्या भागातील पाऊस गोदावरीस मिळतो व पूर्वसमुद्रास जातो. तेथला प्रवासी मात्र सूर्य समुद्रात बुडताना पाहावयाचा म्हणून पश्चिमेकडे निघतो.

दिवाळीची, नाताळची किंवा उन्हाळ्याची सुटी लागली, की भोकर, नांदेड, लातूर ह्या बाजूंची कुटुंबे गाडी ठरवून कोकणात उतरतात. पुण्यावरून ताम्हिणी घाटाने माणगाव, पुढे म्हसळे, आणि मग हरिहरेश्वर. बरोबर आजी-आजोबा असतात, शाळकरी मुले असतात. सहल आखून देणाऱ्याने हाती दिलेल्या कागदावर बहुधा अशा अर्थाची एक ओळ आढळते: सायंकाळी सहा वाजता देवदर्शन, प्रदक्षिणा व सूर्यास्त. आजच्या भाषणाचा विषय ही एक ओळ आहे. तीत तीन गोष्टी एका दाव्याने बांधल्या आहेत, आणि त्या तिन्ही एका घड्याळाने चालणाऱ्या नाहीत. देवदर्शन माणसांनी ठरविलेल्या वेळेवर चालते. सूर्य ऋतुमानाप्रमाणे मावळतो. प्रदक्षिणेची वाट मात्र चंद्र उघडतो आणि चंद्रच बंद करतो.

प्रथम स्थळाची ओळख करून घेऊ. हरिहरेश्वर रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यात, सावित्री नदी समुद्रास मिळते त्या मुखाजवळ वसलेले आहे. खाडीच्या पलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातील बाणकोट. ह्या क्षेत्रास दक्षिणकाशी असे म्हणतात. श्रीवर्धनचे भट म्हणजे पुढे पेशवे झालेले घराणे, आणि हरिहरेश्वर हे त्यांचे कुलदैवत. येथे आधी काळभैरवाचे दर्शन, मग हरिहरेश्वराचे, आणि पुन्हा काळभैरवाचे, असा क्रम पाळतात. देवळामागे टेकडी आहे, आणि त्या टेकडीस समुद्राच्या बाजूने वळसा घालणे हीच येथली मोठी प्रदक्षिणा.

ही प्रदक्षिणा देवळाभोवतीच्या फरसबंद वाटेसारखी नाही. प्रथम पायऱ्यांनी टेकडी चढावी लागते. मग दोन उभ्या कड्यांमधील अरुंद चिरेतून तितक्याच उभ्या पायऱ्यांनी खाली उतरावे लागते. पायऱ्या संपतात तेथे एकदम समुद्र समोर येतो. तेथून पुढची वाट लाटांनीच कोरून सपाट केलेल्या कातळावरून जाते. एका अंगास कडा, दुसऱ्या अंगास पाणी. दगड तोच काळा, जो मराठवाड्याच्या बऱ्याच मोठ्या भागाखाली पसरलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून तो तयार झाला. परंतु गावाकडे विहीर खणताना जो दगड सुरुंगास दाद देत नाही, त्यावर येथे मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे खळगे पडलेले दिसतात. लाटांचे तुषार दगडाच्या छिद्रांत शिरतात, पाणी सुकते, मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचे कण आतून सुटे करतात. हजारो वर्षे हे काम चालू आहे. ह्या कातळावरच भाविक निरनिराळी तीर्थे दाखवितात. टेकडीस वळसा घालून वाट अखेर पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर येते.

ह्या रचनेत एक गोष्ट ध्यानात धरण्याजोगी आहे. वाटेस दोन टोके आहेत, आणि मध्ये बराच भाग असा आहे की तेथून वर चढून जाण्यास सोय नाही. भरतीचे पाणी कड्याच्या पायथ्याशी आले, म्हणजे मधल्या माणसास पुढेही जाता येत नाही आणि मागेही फिरता येत नाही. ह्या कातळावरून लाटेने माणसे ओढून नेल्याचे दुःखद प्रसंग घडलेले आहेत. म्हणूनच वेळेचा प्रश्न येथे सोयीपुरता राहत नाही, तो जिवाशी येऊन भिडतो.

आता सूर्याचे घड्याळ पाहू. सबंध भारताची प्रमाणवेळ एक आहे, पण सूर्य एकाच क्षणी सर्वत्र मावळत नाही. पृथ्वीस एक अंश फिरावयास चार मिनिटे लागतात. भोकर आणि हरिहरेश्वर ह्यांच्या रेखांशांत साडेचार अंशांहून थोडे अधिक अंतर आहे. त्यामुळे भोकरास दिवेलागण होते, तेव्हा हरिहरेश्वरी सूर्य अजून क्षितिजाच्या वर असतो. हे अंतर सुमारे अठरा ते वीस मिनिटांचे भरते. शिवाय ऋतूप्रमाणे फरक पडतो. नोव्हेंबरअखेर तेथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेर सव्वासातच्या सुमारास. तो नेहमी नेमक्या पश्चिमेसही मावळत नाही. डिसेंबरात तो पश्चिमेच्या दक्षिणेस सुमारे पंचवीस अंश सरकलेला असतो, जूनमध्ये तितकाच उत्तरेस.

सूर्यबिंबाची खालची कड क्षितिजास टेकल्यापासून ते पूर्ण बुडेपर्यंत दोन-अडीच मिनिटेच लागतात. ह्या वेळी बिंब किंचित चपटे दिसते, कारण हवेच्या दाट थरांतून येताना खालच्या कडेचे किरण वरच्यांपेक्षा अधिक वाकतात. आणखी नवल असे, की बिंब क्षितिजास टेकलेले आपणांस दिसते, त्या क्षणी खरा सूर्य वास्तविक क्षितिजाखाली गेलेला असतो. हवा त्याची प्रतिमा उचलून धरते. त्यानंतर संधिप्रकाश उरतो, पण आपल्या उष्ण कटिबंधात सूर्य उभ्या रेषेने खाली जात असल्यामुळे हा उजेड अर्धा तासही पुरत नाही. कातळावर सूर्यास्त पाहून मग परत निघणाऱ्यास शेवाळलेल्या दगडावरून अंधारात चालावे लागते. कार्यक्रमाच्या कागदावर ही अर्ध्या तासाची अडचण लिहिलेली नसते.

तरीही सूर्याचे घड्याळ सरळ आहे. आज जी वेळ, तीच उद्या, एखाद्या मिनिटाच्या फरकाने. समुद्राचे तसे नाही. चंद्र पृथ्वीभोवती पुढे सरकत असल्यामुळे तो रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, आणि भरतीही तितकीच उशिरा येते. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी होते. कोकणात ओहोटीस सुकती असाही शब्द आहे. एका भरतीपासून दुसरी भरती सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांनी येते. म्हणून सोमवारी सायंकाळी सहास जी वाट कोरडी होती, ती पुढच्या सोमवारी सायंकाळी सहास पाण्याखाली असते. कागदावरची ओळ मात्र दोन्ही सोमवारी एकच.

ह्या कामी कोकणच्या लोकांजवळ एक जुना हिशेब आहे, आणि तो मराठवाड्याच्या वाचकास सहज उमगेल असा आहे. तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती समजावी. चतुर्थीस चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता भरती, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीस आठ पाऊणे सहा. दशमीस साडेसात. पौर्णिमा किंवा अमावास्या ही पंधरावी धरून सव्वाअकरा. शुक्ल व कृष्ण दोन्ही पक्षांस हिशेब एकच. भरतीपासून सहा तास पुढे मोजले की ओहोटी. हा हिशेब ढोबळ आहे. रोज ४८ ते ५० मिनिटांऐवजी तो ४५ मिनिटेच धरतो, त्यामुळे अर्धा-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, आणि बंदराबंदराप्रमाणेही वेळ थोडी बदलते. नेमकी वेळ हवी असल्यास भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करतो, त्यांचा आधार घ्यावा. परंतु कागदावरची ओळ शहाणपणाची आहे की नाही, एवढे ठरविण्यास तिथी पुरते. ज्या घरात एकादशीचा उपास तिथी पाहून होतो आणि ज्या गावात मृग नक्षत्रावर नजर ठेवून पेरणीचा विचार होतो, तेथे हे गणित परके वाटू नये. दिनदर्शिका भिंतीवर टांगलेलीच आहे.

आता हाच हिशेब सूर्यास्ताच्या वेळेस लावून पाहा. अष्टमीस भरती सहा वाजता. म्हणजे शुक्ल असो वा कृष्ण असो, अष्टमीच्या आगेमागे सूर्यास्तास समुद्र कड्याशी भिडलेला असावयाचा. त्या दिवसांत सूर्यास्ताची प्रदक्षिणा हा शब्दच चुकीचा. पौर्णिमा व अमावास्या ह्या दिवशी भरती दुपारपूर्वी होऊन जाते आणि सूर्यास्ताच्या आगेमागे ओहोटी असते. त्या सायंकाळी कातळ लांबवर उघडा पडतो. चतुर्दशीस, त्रयोदशीस ओहोटी साडेचार-चारच्या सुमारास होऊन गेलेली असते. सहा वाजता कातळ उघडा दिसतो खरा, पण पाणी परतीस लागलेले असते. उलट प्रतिपदेस व द्वितीयेस सूर्यास्ताच्या वेळी पाणी अजून उतरत असते. दोन्ही दिवशी देखावा सारखाच दिसेल, पण एका दिवशी समुद्र माघार घेत आहे आणि दुसऱ्या दिवशी चालून येत आहे. हा भेद नवख्या डोळ्यास दिसत नाही.

तो का दिसत नाही, ह्याचेही कारण आहे. ओहोटीनंतर पाणी सारख्या गतीने चढत नाही. दर्यावर्दी लोक ह्यासाठी बारा भागांचा नियम वापरतात. एकंदर चढाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. समजा चढ तीन मीटरांचा आहे. पहिल्या तासात पाणी वीतभर, पंचवीस सेंटिमीटर, वाढते. पाहणारा म्हणतो, समुद्र जागेवरच आहे. तिसऱ्या तासात तेच पाणी पाऊण मीटर चढते, आणि प्रत्येक लाट त्याच्याही वर उसळते. पहिल्या तासावरून पुढच्या तासांचा अंदाज बांधणारा येथे फसतो.

मराठवाड्यातील मनुष्य पाण्यास ओळखत नाही असे नाही. नांदेडकरांनी गोदावरीचे पूर पाहिलेले आहेत. पण नदीचा पूर वरून येतो. जायकवाडीतून पाणी सोडले, तर ते नांदेडास पोहोचावयास वेळ लागतो, आणि तोवर काठच्या लोकांस सूचना देता येते. पाणी गढूळ होते, त्याचा आवाज बदलतो. भरतीचे पाणी स्वच्छ असते, ऊन पडलेले असते, आकाश निरभ्र असते. पुराची जी चिन्हे ओळखावयास आपण लहानपणापासून शिकलो, त्यांपैकी एकही तेथे दिसत नाही. म्हणून दूरच्या प्रवाशास वाटाड्या हवा. नुसती स्थळांची नावे सांगणारा नव्हे, तर आज खाली उतरावयाचे नाही असे सांगण्याचा ज्यास अधिकार आहे, असा.

अडचण येथेच आहे. सहल ठरविणारा दूरच्या शहरात असतो. त्याने कागद महिनाभर आधी छापलेला असतो. गाडीवाल्यास रात्री पुढच्या मुक्कामी पोहोचावयाचे असते. सहाशे-सातशे किलोमीटर आलेल्या मंडळीस वाटते, एवढे आलो ते प्रदक्षिणा न करता कसे परतावे? आजीची इच्छा असते. अशा वेळी नको म्हणणाऱ्या स्थानिक माणसाचे शब्द सर्वांस कटू वाटतात, आणि ज्याची मिळकत प्रवाशांच्या खुशीवर अवलंबून आहे, त्यास ते उच्चारणे जड जाते. तेव्हा नको म्हणण्याची वेळच त्याच्यावर येऊ नये, अशी तजवीज कागद छापण्यापूर्वी झाली पाहिजे.

समुद्रावरील देवस्थानांचा हा प्रश्न आपल्यापुरता नाही. गुजरातेत भावनगरजवळ कोळियाक येथे निष्कलंक महादेवाची लिंगे समुद्रातच आहेत. भरतीस ती पाण्याखाली जातात, ओहोटीस भाविक चालत जाऊन पूजा करतात, आणि तेथली मोठी जत्रा अमावास्येस भरते. बाली बेटावर तानाह लोट नावाचे हिंदू मंदिर समुद्रातील खडकावर उभे आहे. सोळाव्या शतकातील निरर्थ नामक पुरोहिताशी त्याची परंपरा जोडली जाते. भरतीस तो खडक किनाऱ्यापासून तुटतो, ओहोटीस पायी जाता येते. तेथे वाटाड्यासह सूर्यास्तदर्शनाच्या सहली हा मोठा व्यवसाय झाला आहे. परंतु परदेशी प्रवाशास मुख्य मंदिरात प्रवेश नाही. बहुतेक मंडळी समोरच्या कड्यावर उभी राहून, मंदिराच्या मागे सूर्य बुडताना पाहतात. लाटांनी तो खडकही झिजत होता, आणि गेल्या शतकाच्या अखेरीस त्याचा बराच भाग कृत्रिम दगडाने सांधून मजबूत करावा लागला. ह्यावरून आपणांस घेण्यासारखी गोष्ट अशी, की सूर्यास्त पाहण्याची जागा आणि पाण्यातून जाण्याची वाट ह्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात.

आपल्याकडेही हे सहज साधते. प्रदक्षिणा सूर्यास्तास न जोडता ओहोटीस जोडावी, आणि सूर्यास्त पुळणीवरून पाहावा. पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आसपास मुक्काम असेल, तर दुपार कलल्यावर पाणी उतरत असताना वाट धरावी. अष्टमीच्या आसपास असेल, तर ओहोटी भर दुपारी असते. मात्र ती भांगाची, म्हणजे पाणी फार खाली न जाणारी असते, म्हणून वाट उघडी आहे की नाही हे तेथे विचारूनच उतरावे. पंचमीच्या आसपास सकाळी दहाच्या सुमारास, एकादशीच्या आसपास दुपारी दोनच्या सुमारास ओहोटी येते. बहुतेक तिथींस दिवसाउजेडी एक तरी ओहोटी सापडते. वृद्ध माणसे बरोबर असता वाटेस एक तास धरावा, आणि तो तास ओहोटीच्या क्षणापूर्वी संपेल असे निघावे. म्हणजे वाट चुकली, कोणाचा पाय मुरगळला, तरी पाणी आणखी काही वेळ उतरतच राहते.

एवढे सांभाळले, तरी दोन पथ्ये उरतात. जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत, वाऱ्याने समुद्र खवळलेला असता, तिथीचा हिशेब चालत नाही. त्या काळात देवळातील दर्शनावर समाधान मानावे. आणि कोणत्याही ऋतूत, ओहोटीतही, समुद्राकडे पाठ करून कातळाच्या कडेस उभे राहू नये. दूरच्या वादळाने उठलेली मोठी लाट निरभ्र दिवशीही किनाऱ्यास येते. छायाचित्र काढताना मनुष्याची पाठ नेमकी समुद्राकडे असते, हे निराळे सांगावयास नको.

देवळात जावयाचे ते आपल्या सवडीने, असा आपला सपाट मुलखातील अनुभव. समुद्राकाठच्या देवळांनी मात्र पाण्याची सवड पाहावयास माणसांस शिकविले. सिंधुदुर्गातील कुणकेश्वरास महाशिवरात्रीची यात्रा भरते आणि लगतच्या अमावास्येस देवांच्या स्वाऱ्या समुद्रस्नानास उतरतात. त्या दिवसांत दुपार कलल्यावर ओहोटी असते आणि पुळण लांबवर मोकळी होते, हे पाऊणपटीच्या हिशेबाने कोणासही पडताळून पाहता येईल. तिथी सोडून आपण तारखेने सहली आखू लागलो, त्यात वावगे काही नाही. शाळेच्या सुट्या तारखेनेच पडतात. पण तारीख ठरली, की शेजारी छापलेली तिथी एकवार पाहावी, आणि हाती आलेला कागद तिच्याशी जुळवून घ्यावा.

पुढील सुटीत आपण कोकणात उतरण्याचा बेत करीत असाल, तर सहल ठरविणाऱ्यास भाड्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: आम्ही पोहोचू त्या दिवशी तिथी कोणती, आणि ओहोटी किती वाजता? ह्या प्रश्नास ज्याच्याजवळ उत्तर असेल, त्याच्या हाती घरची मंडळी निर्धास्तपणे सोपवावी. ज्याच्याजवळ नसेल, त्यास कागदावरील ती ओळ बदलावयास सांगावी. सूर्य पुळणीवरूनही तेवढाच सुंदर दिसतो.